फाट्यापर्यंत कार, पुढे सायकल

पक्ष

हलकुडे सरांना गाडी पुढे नेता येते. मागे घेता येत नाही.

एवढी एक गोष्ट सोडली तर संगमेश्वर हलकुडे या माणसात नावं ठेवायला जागा नाही. वय एक्कावन्न. राहणार लातूर. शिरूर अनंतपाळच्या एका हायस्कुलात गणित शिकवतात, आणि भूमिती तर अशी शिकवतात की झोपलेलं पोरगंसुद्धा झोपेत 'पक्ष, साध्य, रचना, सिद्धता' म्हणतं. जन्मभर एसटीनं अप-डाऊन केलं आणि पन्नाशी उलटल्यावर कार घेतली. ज्या मोटार ट्रेनिंगवाल्याकडे ते शिकले, त्याचं म्हणणं असं की माणसानं आधी पुढं जायला शिकावं, मागचं आपोआप येतं. जगण्याच्या दृष्टीनं हे वाक्य फार मोठं आहे. पार्किंगच्या दृष्टीनं थोडं कमी पडतं.

कारण शाळेचं फाटक एका बोळात आहे. बोळात कार जाते, वळत नाही. संध्याकाळी बाहेर यायचं तर उलटंच यावं लागतं. पहिल्या दिवशी सर उलटे आले आणि थेट पाण्याच्या टाकीवर आले. टाकी ठेकेदारानं बांधलेली असूनही तिला काही झालं नाही. कारच्या मागच्या दिव्याला झालं.

दुसऱ्या दिवसापासून पद्धतच पडली. शाळा सुटली की नववीचा वर्ग बोळाच्या दोन्ही अंगांना उभा राहायचा आणि एका सुरात म्हणायचा, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या, बास." यातलं 'बास' नेहमी एक क्षण उशिरा यायचं. मग खेळाचे शिक्षक भागवत सर पुढे व्हायचे, शिट्टी तोंडात तशीच ठेवून हलकुडे सरांना अदबीनं बाजूच्या सीटवर बसवायचे, आणि एका हातानं गाडी बाहेर काढून द्यायचे. वर म्हणायचे, यात काही विशेष नाही.

जी पोरं फळ्यापाशी बोलावल्यावर थरथरत पुढं यायची, तीच पोरं आता सरांना मागं बोलावत होती. यापुढे प्रमेय कोणत्या तोंडानं शिकवायचं?

साध्य

लातूरहून येताना शिरूरच्या अलीकडे पाच-सहा किलोमीटरवर येळंबवाडी फाटा लागतो. फाट्यावर लिंबाचं मोठं झाड, झाडाखाली लिंबाजीचं चहाचं हॉटेल, आणि हॉटेलसमोर मोकळी जागा. इतकी मोकळी की कार गोल फिरवून पुन्हा लातूरकडे तोंड करून लावता येते. मागं घेण्याचा प्रश्नच मिटला. एके दिवशी चहा पिता पिता हे सरांच्या ध्यानात आलं आणि कप हातात तसाच राहिला. फाट्यापर्यंत कार. पुढे सायकल.

जगाला सांगायची कारणं वेगळी ठेवली. प्रकृती, पेट्रोल, पर्यावरण. ही कारणं खोटी नव्हती. फक्त खरी नव्हती.

इथवर सगळं ठीक होतं. पण शनिवारी परिपाठाला सरांच्या हाती माईक आला. माईक वाईट. सरांनी जाहीर केलं की येत्या महिन्याच्या एक तारखेपासून आपण फाट्यापासून शाळेपर्यंत सायकलवर येणार. पोरांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनी माणूस फुगतो, तसे सर फुगले आणि पुढचं वाक्य बोलून गेले, जे त्यांनी घरून ठरवून आणलेलं नव्हतं.

"कुणाच्याही मदतीशिवाय. स्वतःच्या पायानं. आणि ज्या दिवशी मी असा आलो नाही, त्या दिवसापासून तुम्हाला गृहपाठाबद्दल बोलायचा मला अधिकार नाही."

सहाशे पोरांनी हे वाक्य एका श्वासात पाठ केलं. पाढे असे कधी पाठ झाले नव्हते.

एक किरकोळ अडचण होती. सरांना सायकल येत नव्हती.

रचना

सरांचे वडील लातूरच्या आडत लाईनीतले. आडत्याच्या एकुलत्या पोरानं गुडघे फोडून घ्यायचे नाहीत, असा घरचा कायदा होता. त्यामुळे ज्या वयात पोरं सायकलच्या दांड्याखालून पाय घालून कैची मारतात, त्या वयात सर गादीवर बसून गुळाची चव सांगत होते.

शिकवायला पत्नी शिवकन्याबाई पुढे आल्या. माहेर उदगीरचं, पाच भावांत वाढलेल्या. त्यांना सायकलही येत होती आणि गोफणही. पहाटे कॉलनीमागच्या रिकाम्या प्लॉटांवर त्या पदर खोचून कॅरिअर धरायच्या आणि मागून पळायच्या. सर सीटवर बसून वर्तुळाचं केंद्र, गुरुत्वमध्य वगैरे मनात मांडायचे, आणि मांडणी पुरी व्हायच्या आत जमिनीवर असायचे.

ही बातमी शेजारच्या माणिकप्पांना कळली. माणिकप्पा एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून रिटायर झालेले, पण आवाज अजून ड्युटीवर आहे. रोज पहाटे खुर्ची टाकून ते प्लॉटच्या कडेला बसू लागले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सर आता कुठल्या दिशेनं निघाले आहेत ते मोठ्यानं सांगू लागले. त्यांच्यामागून बाकीची कॉलनी आली. कुणी म्हणालं, नजर चाकाकडं नको, लांब ठेवा. दुसरा म्हणाला, लांब बघितलं की जवळचा दगड लागतो. एकानं सांगितलं की पडायचं भ्यावं नाही, पडायचं ठरवूनच बसावं. एका बाईंनी शिवकन्याबाईंना विचारलं की सरांना डॉक्टरनं सांगितलंय का, आणि नाही म्हटल्यावर, मग कुणी सांगितलंय, असं विचारलं. माणिकप्पांचा सल्ला एकच होता. ज्या मार्गावर गाडी धावत नाही तो मार्ग बंद करावा, चालकाची मानहानी होत नाही.

एका पहाटे शिवकन्याबाईंनी न सांगता हात सोडला. सर एकटेच पुढे गेले. सरळ गेले, छान गेले, आणि विजेच्या खांबापर्यंत गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की थांबायचं कसं ते अजून झालेलं नाही. खांबानं थांबवलं.

शिवकन्याबाई धावत आल्या. सरांनी आधी चष्मा चाचपला, मग कपाळ. त्या कपाळाकडं बघतच नव्हत्या. मागं वळून त्या मोकळ्या प्लॉटाकडं बघत होत्या, जिथून सर एकटे आले होते.

"अवो, कुठून कुठं आलाव बगा की," त्या म्हणाल्या. "मी तर कवाच सोडलं होतं."

त्या दिवशी सरांनी कपाळावरच्या टेंगळाला हळद लावू दिली नाही. म्हणाले, दिसू दे.

सिद्धता

एक तारीख. सकाळची थंड हवा. फाट्यावर कार गोल फिरवून लावली. सायकल आदल्या दिवशीच लिंबाजीच्या हॉटेलात आणून ठेवली होती, आणि लिंबाजीनं तेवढ्यात तिच्यावर गावातून दूध आणून सीट खाली-वर करून पाहिली होती. सर बसले. सायकल निघाली.

आणि पहिल्याच फर्लांगात एक अडचण आली, जी कुठल्याही सल्ल्यात नव्हती. लोक नमस्कार करत होते.

त्या रस्त्यावर असं घर नाही ज्यातलं एक तरी पोर हलकुडे सरांच्या हाताखालून गेलेलं नाही. बांधावरून एकजण इकडच्या रीतीनं हात जोडून म्हणाला, शरणार्थी सर. बैलगाडीवरून दुसरा म्हणाला, नमस्कार गुरुजी. सरकारी योजनेतून मिळालेल्या सायकलींवर येळंबवाडीच्या मुली जथ्यानं मागून आल्या आणि ओळीनं गुड मॉर्निंग सर, गुड मॉर्निंग सर म्हणत पुढं निघून गेल्या. नमस्काराला हात उचलावा तर सायकल खड्ड्यात, न उचलावा तर माणूस माजला म्हणून बोभाटा. सर हनुवटीनं नमस्कार करू लागले. हनुवटी वर केली की समोरचं दिसेना, खाली केली की ओळख दिली नाही असं वाटे. दुपारपर्यंत शिरूरात बातमी होती की कार घेतल्यापासून हलकुडे सरांची मान ताठ झाली आहे.

पण खरा घाला पुढच्या वळणावर होता. घाल्याचं नाव बजरंग.

बजरंगकडं छोटा हत्ती टेम्पो आहे. दहावीला गणितानं त्याला दोनदा परत पाठवलं आणि तिसऱ्यांदा सरांनी सुट्टीत घरी बसवून पास केलं. हे ऋण त्याच्या छातीत किती वर्षं कोंडून होतं कुणास ठाऊक. सर सायकलवर दिसताच त्यानं टेम्पो आडवा घातला. सरांना दोनच गोष्टी करता येत होत्या, धडकणं आणि उतरणं. ते उतरले.

"सर, तुमी पायडल मारून राहिलाव? मंग आमी काय मेलाव का?"

सरांनी प्रकृती सांगितली, पर्यावरण सांगितलं. बजरंगनं ते सगळं मान खाली घालून ऐकलं, जसा तो वर्गात ऐकायचा, आणि ऐकून झाल्यावर सायकल एका हातानं उचलून कोबीच्या गोण्यांवर टाकली. सरांना दंडाला धरून पुढं बसवलं. गुरूला उन्हात सोडून जाणारा माणूस या भागात अजून जन्माला यायचा आहे. शहरात तुम्ही लिफ्टचा अंगठा दाखवून दमाल; इकडं अंगठा खिशात ठेवला तरी गाडी थांबते.

शाळेच्या बोळात टेम्पो शिरला. आधी सायकल उतरली. मग सर उतरले.

उदाहरण. एक शिक्षक ताशी आठ किलोमीटर वेगाने सायकलवरून शाळेकडे निघाला. त्याच्या मागून त्याचा माजी विद्यार्थी ताशी पन्नासच्या वेगाने टेम्पो घेऊन निघाला. तर शिक्षक किती वेळ सायकलवर राहील? (उत्तर: विद्यार्थी कृतज्ञ असल्यास फार वेळ नाही.)

दुसऱ्या दिवशी बजरंगला चुकवायला सर लवकर निघाले. दुधाच्या गाडीनं उचललं. त्याच्या पुढच्या दिवशी उशिरा निघाले. उसाच्या ट्रॅक्टरनं उचललं, आणि सर उसावर बसून, सायकल मांडीवर घेऊन शिरूरात आले. मग लग्नाच्या बँडची गाडी. बँडवाल्यांत दोघं माजी विद्यार्थी निघाले आणि शाळा येताच त्यांनी आदरापोटी थोडं वाजवलं. मग रिकामी परतणारी रुग्णवाहिका, जी बोळात शिरताच मुख्याध्यापिका बाई चपला न घालता बाहेर पळत आल्या.

सरांनी कॅरिअरवर पुठ्ठ्याची पाटी लावली, 'मी हौसेने सायकल चालवत आहे. कृपया थांबू नये.' अक्षर सुंदर, पण चालत्या गाडीतून वाचण्याइतकं मोठं नव्हतं. त्यामुळे ज्या गाड्या एरवी थांबल्या नसत्या त्यासुद्धा पाटी वाचायला थांबल्या, आणि थांबल्याच आहेत तर घेऊन गेल्या.

इथे सिद्धतेत थोडा सरकारी अडथळा.

मौजे येळंबवाडी फाटा येथे लिंबाच्या झाडाखाली पांढऱ्या रंगाची एक कार बेवारस अवस्थेत आढळली. तोंड लातूरकडे. काचेतून पाहिले असता आत एक छत्री, खडूचे दोन डबे, एक मोठा लाकडी कंपास व उपवासाचा चिवडा दिसून आला. चिवडा ताजा वाटला. मालक परागंदा.

हा पंचनामा पोलीस पाटील शेषेरावांनी केला. शेषेराव सरांना चांगले ओळखतात. पंचनामा करताना ते ज्या स्टुलावर बसले होते ते सरांनीच लिंबाजीकडून मागवून दिलं होतं, कारण तोवर सर धावतपळत येऊन पोचले होते. सरांनी विचारलं की मी समोर उभा असताना मालक परागंदा कसा. शेषेराव म्हणाले की पंचनामा सुरू झाला तेव्हा तुम्ही नव्हताव, आणि सुरू झालेला पंचनामा मधेच बदलत नसतो. आता मालक सापडल्याचा दुसरा पंचनामा करावा लागंल. तो ते उद्या करतील, आज पेन संपून राहिलंय.

यातून सुटायचं तर ग्रामपंचायतीचा जागा वापरायचा परवाना हवा. सर अर्ज घेऊन ग्रामसेवकाकडं गेले. कारण या रकान्यात त्यांनी लिहिलं, सायकल चालवण्यासाठी. ग्रामसेवकानं अर्ज परत केला. त्याचं म्हणणं, कार आहे तर सायकल कशाला आणि सायकलच चालवायची तर कार कशाला, हे सभेत त्यालाच विचारतील. काहीतरी पटण्यासारखं लिहा. नवस लिहा, नवसाला कुणी आडवं येत नाही. सर म्हणाले, मी गणिताचा माणूस आहे, जे नाही ते लिहीत नाही. शेवटी त्यांनी 'वैयक्तिक' असं लिहिलं. ग्रामसेवकानं तो शब्द वाचला, सरांकडं फार हळव्या नजरेनं पाहिलं आणि शिक्का मारला. दोन दिवसांत शिवकन्याबाईंना उदगीरहून भावांचे फोन आले, घरी सगळं ठीक आहे ना.

हे सगळं सरांनी पचवलं. जे पचलं नाही ते परिपाठात घडलं.

शाळेत रोज एक मुलगी बातम्या वाचते. जगाच्या, राज्याच्या, मग शाळेच्या. त्या दिवशी आठवीतल्या उज्ज्वलानं सगळ्या बातम्या वाचल्या, कागदाची घडी घातली, आणि अगदी सरळ चेहऱ्यानं शेवटची बातमी सांगितली.

"हलकुडे सरांची सायकल आजही शाळेत सुखरूप पोचली."

मैदानावर कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. पोरं फक्त सरांकडं बघत राहिली. दुसऱ्या तासाला सरांनी गृहपाठ मागितला. अर्ध्या वर्गानं केला नव्हता. सरांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. सहाशे पोरांनी पाठ केलेलं माईकवरचं वाक्य आडवं आलं होतं.

मधल्या सुट्टीत भागवत सरांनी चहा पाजला आणि मोकळ्या मनानं मार्ग सांगितला. गुडघा दुखतो म्हणून सांगून टाका. दाखला मी आणून देतो. उद्यापासून सरळ कारनं या, संध्याकाळी मी आहेच गाडी काढून द्यायला. यात काही विशेष नाही.

त्या दिवशी घरी सर जेवायला बसले. शिवकन्याबाईंनी सगळं काढून घेतलं, बातमीपासून दाखल्यापर्यंत. त्यांनी बजरंगला दोन शब्द सुनावले, जे त्याला लातूरहून ऐकू जाणं शक्य नव्हतं. मग भाकरी वाढता वाढता म्हणाल्या की लेकरांना शब्द देऊन बसलाव, आता गुडघ्याचा दाखला आणला तर गुडघा बरा होईल पण तो शब्द लंगडाच राहील. जायचं तर सायकलवरच जायचं. जमत नसलं तर माईकवर सांगायचं की जमलं नाही. दोन्हीतलं एक.

सर म्हणाले, उद्या शेवटचा प्रयत्न. उद्याही उचलला गेलो तर परवा माईकवर सांगतो.

व्यत्यास

दुसऱ्या दिवशी फाट्यावरून सर निघाले तेव्हा त्यांनी मनाशी एकच ठरवलं होतं. कुणी आडवं आलं तर उतरायचं नाही. पुढचं चाक पुढच्या बंपरला लागलं तरी चालेल.

पहिली वस्ती ओलांडली आणि रस्त्याच्या कडेला एक म्हातारी उभी दिसली. नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. एक जीप आली. म्हातारीनं हात केला, जीप गेली. एक मोटारसायकल गेली, मागची सीट रिकामी. तीही गेली. मग सर आले. म्हातारीनं त्याच सहजपणानं सायकलीला हात केला.

सर थांबले. थांबणं आता त्यांना येत होतं.

म्हातारीचं नाव पार्वतीबाई. बिलोलीकडची, इथं लेकीकडं येऊन राहिलेली. त्यामुळं हलकुडे सर कोण, हे या रस्त्यावर माहीत नसलेलं हे एकमेव माणूस. तिला समोर सर दिसलेच नाहीत. रिकामं कॅरिअर दिसलं.

तिला तहसिलीत जायचं होतं. निराधारांचा सरकारी पगार चालू राहायचा तर दरसाल तिथं स्वतः जाऊन साहेबाला तोंड दाखवावं लागतं, की आपण अजून जित्ते आहोत. सकाळपासून ती उभी होती आणि एक गाडी तिला बघायला तयार नव्हती. असंच चाललं तर आपण मेलो असंच साहेब धरून चालायचा, असं ती म्हणाली.

सरांनी प्रामाणिकपणे सांगितलं. "आजी, मी नवीन आहे. मला अजून नीट चालवता येत नाही."

"मला तरी कुटं नीट बसता येतंय," पार्वतीबाई म्हणाली. "चल. दोघं बी शिकू."

पहिल्या प्रयत्नात सायकल उजवीकडं गेली, सर डावीकडं गेले आणि पार्वतीबाई जागच्या जागी उभी राहिली, पिशवीसकट. दुसऱ्या प्रयत्नात तिनं एका हातानं कॅरिअर धरलं आणि दुसऱ्या हातात सरांच्या शर्टाचा मुटका. तिसऱ्या वेळी सायकल निघाली. आधी नागमोडी, मग बैल शेतातून घरी येतो तशी, आणि मग, सरांना स्वतःलाच पटेना, सरळ. मागं वजन आलं की माणसाला डुलत राहायला फुरसत नसते. चढ लागला तेव्हा पार्वतीबाई न सांगता उतरली आणि पुढं चालत गेली. सर पायडल मारत वर पोचले तेव्हा ती वर उभी राहून वाट बघत होती. बसली. निघाले.

वळण आलं. वळणावर टेम्पो आला.

बजरंगनं सवयीनं ब्रेक मारला, टेम्पो रस्त्यातच थांबवला आणि दारातून अर्धा बाहेर आला. आडवा घालायला आज त्याला धीर झाला नाही, कारण सायकलीवर एक बाईमाणूस होतं. तो म्हणाला, या सर, आजीला बी घ्या, दोघं बसा.

सरांनी उतरायचं नाही हे ठरवलं होतं. पण उत्तर द्यायची वेळ त्यांच्यावर आलीच नाही. मागून पार्वतीबाई बोलली, आणि ती सरांसारखी मृदू बोलत नव्हती.

"काल मी हात केला तवा तुला दिसले न्हाई का रं? परवा बी केला. तवा तुजी गाडी रिकामीच होती."

बजरंगनं काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. घाई होती, माल होता. पार्वतीबाईनं ऐकून घेतलं आणि हात हलवला, जसा फाट्यावर भरलेल्या जीपवाल्याला हलवतात.

"जा बाबा तू म्होरं. आमची गाडी लागली हाय."

बजरंग तिथंच उभा राहिला. दहावीत दोनदा नापास झाला तेव्हा त्याचा चेहरा असाच झाला असेल. मग त्यानं एकाएकी सरांना वाट करून देण्यासाठी टेम्पो मागं घेतला, चांगला सफाईनं मागं घेतला, आणि सरांना त्याचा हेवासुद्धा वाटला नाही. 'आमची गाडी.' संगमेश्वर हलकुड्यांच्या आयुष्यात एवढ्या सहज कुणी त्यांना वाहन मानलं नव्हतं. पुढं दुधाची गाडी भेटली, तिनं वेग कमी केला, मागची सवारी बघितली आणि निघून गेली. एक ट्रॅक्टर आला, तोही गेला. रस्ता त्या दिवशी प्रथमच रस्त्यासारखा वागला.

शिरूर आलं. शाळेचं मैदान मुख्य रस्त्याला लागून आहे, मधे तारेचं कुंपण. परिपाठ संपत आला होता. कुंपणाच्या बाजूच्या रांगेतल्या पोरांनी आधी सायकल बघितली, मग सायकलवर सर बघितले, मग सरांच्या मागं म्हातारी बघितली, आणि रांग मोडली. एक वर्ग, दोन वर्ग, मग सगळे. भागवत सरांनी शिट्टी फुंकली, ती कुणालाही ऐकू आली नाही, बहुधा त्यांनाही नाही, कारण तेही तारेला येऊन चिकटले होते. पोरं ओरडत होती. काय ओरडत होती ते कळत नव्हतं, पण त्यात 'येऊ द्या' नव्हतं.

शाळेचं वळण आलं. सर वळले नाहीत.

तहसील पुढं होती आणि सवारी अजून उतरायची होती. सरांनी मान न वळवता, पायडल न थांबवता, कुंपणापलीकडं मोठ्यानं सांगितलं, "भागवत सर, पहिल्या तासाची हजेरी तुम्ही घ्या. गृहपाठ मी येऊन बघतो."

सायकल पुढं निघाली. मागं बराच वेळ गलका ऐकू येत होता. पार्वतीबाई वळून वळून बघत होती.

"कुनाची रं ही लेकरं?" तिनं विचारलं.

"माझी," सर म्हणाले.

सायकल पंचायत समितीच्या वळणापर्यंत आली तेव्हा तिनं शर्टाचा मुटका जरा घट्ट केला आणि अचंब्यानं विचारलं,

"समदी?"

"सगळी," हलकुडे सर म्हणाले, आणि वळणावर घंटी वाजवली.